कळंबपर्यंत पुरेल एवढं चार्जिंग

माझा डावा गुडघा कामातून गेला तेव्हा डॉक्टरांनी मला दोन गोष्टी सांगितल्या. जिना जपून चढायचा आणि क्लच दाबायचा नाही. जिन्याचं मला काही वाटलं नाही. आमचं घर बारामतीच्या बाहेर काटेवाडीच्या रस्त्याला आहे, बैठं आहे. क्लचचं मात्र अवघड होतं. मी मासळीच्या धंद्यातला माणूस. इंदापूरच्या लिलावातून उजनीची मासळी घ्यायची, पिकअपमध्ये बर्फात घालायची आणि उन्हं चढायच्या आत बारामतीत आणायची, हे मी लग्नाच्या आधीपासून करत होतो. आणायचं काम माझं, विकायचं बायकोचं. साखर कारखाने सुरू झाले की त्या रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्यांच्या मागं तासभर रखडायला होतं आणि डावा पाय क्लचवरून उचलताच येत नाही. असा पाय घेऊन ते काम होण्यासारखं नव्हतं.

मग माझा मेहुणा गाडी चालवायला लागला आणि मी बायकोच्या शेजारी दुकानात बसायला लागलो. दुकान तिचं होतं. गिऱ्हाईक तिच्या ओळखीचं, भाव ती सांगणार, सुरीसुद्धा तिच्या हाताला बसलेली. मी खवले काढायचो आणि पिशव्या बांधायचो. मला फार दुःख झालं असं मी म्हणणार नाही. पण पहाटे फजरच्या नमाजाआधी जाग यायची, सवयीनं उठून बसायचो, आणि मेहुण्यानं गाडी सुरू केल्याचा आवाज ऐकून परत आडवा व्हायचो. तेवढा वेळ बरा जायचा नाही.

पुढं मेहुण्याला एका शाळेच्या बसवर पक्की नोकरी लागली. त्यानं आम्हाला आधी सांगितलं, दुसरा माणूस मिळेपर्यंत थांबलाही. दुसरा माणूस काही मिळाला नाही. त्याच दिवसांत बारामतीत शेतीचं प्रदर्शन भरलं होतं. बायकोला बर्फाच्या पेट्या बघायच्या होत्या म्हणून आम्ही गेलो. तिथं एका मंडपात इलेक्ट्रिक पिकअप उभी होती. मी आत बसून पायाखाली बघितलं.

"क्लच कुठाय?" मी विक्रेत्याला विचारलं.

"क्लच नाहीच, काका. गिअर बदलायचेच नाहीत, तर क्लच कशाला?"

"मग डाव्या पायाला काम काय?"

"काही नाही. आराम."

बायको खाली उभी होती. ती म्हणाली, "बघा, तुमच्या पायाचं माप घेऊन बनवल्यागत हाय."

मंडपामागच्या मैदानात त्यानं मला गाडी चालवायला दिली. डावा पाय मी मुद्दाम आखडून धरला होता, कारण तो आपोआप काहीतरी शोधत होता. विक्रेता शेजारी बसून बॅटरीबद्दल, चार्जिंगबद्दल, एका चार्जिंगमध्ये गाडी किती जाते याबद्दल बोलत राहिला. त्यातला "फास्ट चार्जिंग" हा शब्द तेवढा माझ्या कानात राहिला. बाकीचं मी ऐकलं नाही. मी दोन वर्षांनी गाडी चालवत होतो.

गाडी घरी आली. वायरमननं मीटरपासून वेगळी लाइन ओढून दिली, अर्थिंग नीट केली आणि भिंतीवर एक जाड पिनचा बोर्ड बसवला. रात्री पिन लावायची, फजरला काढायची. गाडी रात्रभर सावकाश भरत राहायची आणि सकाळी शंभर टक्के दिसायचं. मोबाइलसारखंच हे, असं मी धरून चाललो. बायकोनं एकदा विचारलं होतं, "रात्रभर लागतं तर ते फास्ट कुठलं?" मी म्हणालो, "फास्ट हितलं न्हाय. फास्ट हायवेला असतंय."

हायवेला ते होतं. इंदापूरच्या बाहेर, पुणे-सोलापूर रस्त्यावर, एका हॉटेलच्या अंगणात चार्जर उभा होता. पंपासारखाच उंच, दोन बाजूंना गाडीत खुपसायच्या दोन गन, वर पडदा, आणि अंगावर मोठ्या अक्षरात लिहिलेलं: तीस किलोवॅट. घरचा बोर्ड साधारण तीनचा होता. म्हणजे इथं घराच्या दहापट वेग, असा सरळ हिशोब मी केला. माल भरून बारामतीहून जाऊन-येऊन एका चार्जिंगमध्ये नीट होत नव्हतं, म्हणून लिलाव झाला की मी तिथं थांबायचो, गन लावायचो, चहा घ्यायचो. थंडीचे दिवस होते. बर्फाला घाई नव्हती, मलाही नव्हती. गाडी फुल झाली की निघायचो. पडद्यावर काय आकडे चालले आहेत ते मी त्या दिवसांत कधी बघितलं नाही.

फुल केल्याशिवाय निघायचं नाही, ही माझी डिझेलची सवय. पंपावर पहिला लिटर ज्या वेगानं टाकीत पडतो त्याच वेगानं शेवटचा पडतो. त्यामुळं थांबलोच आहोत तर भरून घ्या, हे तिथं शहाणपणाचं असतं. बॅटरीचं तसं नसतं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. सांगितलं असेल तर ते मैदानात, मी डाव्या पायाकडं लक्ष देत असताना.

मे महिन्यात एक दिवस दुकानात एक गृहस्थ आले. कळंबचे. कारखान्यात आयुष्य काढलेलं, आता निवृत्त होत होते. सोबतचा माणूस त्यांना तात्या म्हणत होता, म्हणून आम्हीही तात्या म्हणायला लागलो. त्यांना बरोबरच्या कामगारांना जेवण घालायचं होतं.

"आजवर दुसऱ्यांची लई जेवणं खाल्ली," तात्या म्हणाले. "ज्याच्या त्याच्या घरी मटण. आपण मासळी घालायची. चिलापी तळायची, रव्हूचं कालवण. हुईल का?"

"हुईल की," बायको म्हणाली. "किती माणसं?"

"पंगत मोठी हाय. तुमीच अंदाज धरा. पण दुपारच्या आत पोचवा, म्हंजी बायामाणसांना करायला सवड मिळंल."

कळंब आमच्या परतीच्या वाटेपासून थोडं आत, वालचंदनगरच्या बाजूला. बायको म्हणाली, "एवढा माल मी स्वतः बघून देणार. मी पण येते इंदापूरला." दुकान त्या दिवशी बंद ठेवायचं ठरलं.

आदल्या रात्री वारं सुटलं आणि लाइट गेली. मे महिन्यात ते नवीन नाही. सकाळी बघितलं तर गाडी अर्ध्याच्या थोडी वर भरली होती. बायको म्हणाली, "मग कसं?"

"इंदापूरपर्यंत जाती की. तितं फास्ट हाय."

आम्ही निघालो. इंदापूरला पोचेपर्यंत आकडा तळाला आला होता. लिलाव रोजच्यासारखा झाला. मी एका पायावर भार देऊन उभा राहून बोली लावली, चिलापी आणि रव्हू मनासारखी मिळाली, बायकोनं एकेक क्रेट उघडून बघितला, बर्फाचे थर दिले, वर गोणपाट टाकलं. मग आम्ही हॉटेलच्या अंगणात आलो. ऊन तोवर चांगलंच लागायला लागलं होतं. मी गन लावली आणि चहा सांगितला.

चहा झाला, वडे झाले. मी आरामात येऊन बघितलं तर टक्के फारसे हलले नव्हते. पहिल्यांदाच मी पडद्याकडं नीट बघितलं. कोपऱ्यात एक आकडा होता, त्याच्यापुढं किलोवॅट लिहिलेलं. तो अठरा होता. तीस लिहिलेल्या चार्जरमधून अठराच का येत आहेत, हे मला कळेना. मी बघत असतानाच एक पांढरी कार येऊन पलीकडच्या गनला लागली आणि आमचा अठराचा चौदा झाला. थोड्या वेळानं नऊ.

चार्जरवर मदतीचा नंबर होता. मी फोन लावला. एक मुलगी बोलली, अगदी गोड आवाजात.

"सर, चार्जर व्यवस्थित काम करतोय. चार्जिंगचा वेग गाडी ठरवते, सर."

"गाडी कशी ठरवंल? गाडी माझी हाय."

"हो सर. पण किती घ्यायचं ते गाडीची बॅटरी ठरवते. अजून काही मदत करू शकते का, सर?"

मी फोन ठेवला. गाडीच्या मागच्या फळीतून पाणी टपकायला लागलं होतं. बर्फाचं पाणी. बायको खाली उतरून त्याच्याकडं बघत उभी होती.

कारवाला माणूस पुण्याहून सोलापूरला चालला होता. मागच्या सीटवर त्याची आई बसली होती, तिला हवा लागावी म्हणून त्यानं सगळी दारं उघडी टाकली होती. त्यानं माझं फोनवरचं बोलणं ऐकलं असावं. तो जवळ आला.

"ती बरोबर सांगत होती," तो म्हणाला. "मलाही आधी असंच वाटायचं, की चार्जरवर लिहिलंय तेवढं मिळणार. तो आकडा म्हणजे चार्जर जास्तीत जास्त किती देऊ शकतो तो. तुमची गाडी किती घेते ते वेगळं. तुमच्या गाडीनं वीसपेक्षा जास्त कधी घेतलं नसेल."

"मग आता वीस पण का घेत न्हाय?"

"एक तर मी आलो. दोन गन लागल्या की तो वाटून देतो. आणि दुसरं..." त्यानं वाकून गाडीच्या खालच्या बाजूला हात धरून बघितला. "तापलीय. माल भरून उन्हात उभी आहे ना. बॅटरी तापली की ती स्वतःच कमी घ्यायला लागते. जपते स्वतःला."

"मंजी थांबायचं?"

"मी माझी गन काढू शकतो थोडा वेळ. पण आईला घेऊन जायचंय, माझंही अगदीच संपलंय." तो थोडा अवघडला. "शिवाय मी काढली तरी उष्णतेचं काय?"

मी म्हणालो, राहू द्या. त्याच्या आईनं आतूनच विचारलं, मासे कुठले आहेत. बायको म्हणाली, उजनीचे. म्हातारीनं मान हलवली आणि परत डोळे मिटले.

मी परत बराच वेळ पडद्यासमोर उभा राहिलो, टक्के सावकाश चढत होते. फुल व्हायला किती वेळ, तेही पडद्यावर दाखवत होतं, आणि तो वेळ कमी व्हायच्या ऐवजी वाढत होता. मी मनातल्या मनात दुपार, संध्याकाळ करत होतो. तात्यांच्या घरी चुली पेटल्या असणार. मग बायको माझ्या शेजारी येऊन उभी राहिली.

"कळंबपर्यंत किती लागतं?" तिनं विचारलं.

"काय?"

"चार्जिंग. कळंबपर्यंत. बारामतीचं न्हाय विचारत मी."

मी हिशोब केला. "तीस टक्के. लई धरलं तर पस्तीस."

"आत्ता किती झालंय?"

"पन्नासला आलंय."

"मग आपण कशाची वाट बघतोय?"

मी म्हणालो, "फुल झालं की..."

"फुल कुणाला पायजे? तात्यांला मासळी पायजे."

मी गन काढली. कारवाला म्हणाला, "वहिनींनी बरोबर केलं. ऐंशीच्या पुढं तर ती मुंगीच्या पावलानं घेते, तिथपर्यंत थांबूच नका." त्याच्या पडद्यावरचा आकडा लगेच वर गेला, हे मी निघता निघता बघितलं.

निमगाव केतकीला एका रसवंतीपुढं बायकोनं गाडी थांबवायला लावली. रसवंतीवाल्याकडं होता नव्हता तेवढा बर्फ तिनं मागितला. तो म्हणाला, मग मी रस कशात घालू? ती म्हणाली, "दुपारी तुमचा बर्फ येतोय, माझी मासळी दुपारपर्यंत थांबत न्हाय." त्यानं अर्धा दिला. तो फोडून तिनं क्रेटवर पसरला आणि पुढच्या वाटेवर ती मागं वळून वळून बघत राहिली. मी गाडी हळू चालवली. हळू चालवली की बॅटरी कमी खाते, एवढं मला एव्हाना कळलं होतं. मी आकड्याकडं बघत होतो, ती क्रेटकडं, रस्त्याकडं आमचं दोघांचं तसं कमीच लक्ष होतं.

तात्यांच्या दारात मांडव घातला होता. आम्हाला उशीर झाला होता, पण फार नाही. मोठ्या कढईत तेल घालायचं बाकी होतं, मसाले वाटून तयार होते. बायकोनं क्रेट खाली घ्यायला लावले आणि जमिनीवर बसून एकेक मासा बघायला लागली. कल्ला उचलायचा, अंगठ्यानं पोटाजवळ दाबायचं, बाजूला ठेवायचं. उन्हाच्या बाजूचा एक क्रेट तिनं उघडला आणि त्यातली बरीच मासळी वेगळी काढली.

"ही न्हाय द्यायची," ती म्हणाली.

तात्या वाकून बघत होते. "थोडी मऊ पडलीय. तेलात गेली की कुणाला कळतंय?"

"मला कळतंय की."

"पंगतीला कमी पडंल, बाई."

"कमी पडू देत न्हाय. तळायचं थोडं, कालवण जास्त. तुकडे मी करून देते." तिनं पदर खोचला, सुरी काढली आणि स्वयंपाकाच्या बाजूला निघून गेली. मऊ पडलेली मासळी तात्यांच्या थोरल्या सुनेनं पेरूच्या झाडाखाली खड्डा करून पुरली. तात्यांचा चेहरा थोडा उतरला होता. मी त्यांना चार्जिंगचं काही सांगितलं नाही. सांगूनही ते त्या वेळी पटलं नसतं.

बारामतीला जायचं तर अजून चार्जिंग लागणार होतं. मी तात्यांना विचारलं, जाड पिनचा बोर्ड आहे का. त्यांच्या पडवीत घरघंटी होती, पीठ दळायची, तिचा बोर्ड होता. अर्थिंग ठीक आहे का ते बघितलं आणि गाडी पडवीला लावून पिन घातली. गाडीनं सांगितलं, संध्याकाळ होईल.

"सांज हुईल म्हणती," मी तात्यांना म्हणालो.

"मग जेवा, बसा. कुठं जायचंय?"

कामगार यायला लागले. मांडवात टेकायच्या आधी जो तो गाडीपाशी थांबायचा आणि एकच प्रश्न विचारायचा: "किती वेळात फुल हुती?"

पहिल्या दोघांना मी सांगितलं, रात्रभर लागतं. तिसऱ्यानं विचारलं, "आन् त्या हायवेच्या मशीनवर?" मी बोलायला गेलो आणि माझ्या लक्षात आलं, की याचं एका शब्दात उत्तर नाही. गाडी किती रिकामी आहे, तापली आहे का, शेजारी दुसरी गाडी लागली आहे का, चार्जर किती देतो, गाडी किती घेते, आणि मुळात तुम्हाला जायचं कुठं आहे. मी हे सगळं त्याला सांगितलं. सांगताना त्याचा अर्थ माझा मलाच लागायला लागला.

"मंजी असं बघा," मी म्हणालो. "निम्मी रिकामी असती तवर ती पटापट घेती. भरत आली की हळू हळू. शेवटच्या थोड्यासाठी जेवढा वेळ जातो तेवढ्यात निम्मी गाडी भरती."

"मग शेवटचं घ्यायचंच कशाला?" तो म्हणाला.

"घरी झोपताना घ्यायचं. रस्त्यात न्हाय."

"तर मग सोपं हाय," असं म्हणून तो जेवायला गेला. मला ते सोपं व्हायला एक सकाळ आणि क्रेटभर मासळी लागली होती.

पंगत चांगली झाली. कालवण कुणाला कमी पडलं नाही. जेवणं झाल्यावर कामगारांनी तात्यांना शाल दिली, नारळ दिला आणि दोन शब्द बोला म्हणाले. तात्या उभे राहिले. शाल सारखी खांद्यावरून घसरत होती, ती ते वर ओढत होते. "मी..." एवढं म्हणाले आणि थांबले. मग ते म्हणाले, "पोटभर जेवलात ना?" आणि खाली बसले. कुणी तरी टाळ्या वाजवल्या.

माणसं पांगली तशी मी गाडीत जाऊन बसलो, आकडा बघायला. घरघंटीच्या बोर्डावरून तो एकेक करून वर चढत होता. थोड्या वेळानं तात्या पलीकडचं दार उघडून माझ्या शेजारी येऊन बसले. शाल त्यांनी काढून ठेवली होती. आम्ही दोघंही समोर बघत बसलो. समोर त्यांचा गोठा होता आणि त्यापुढं ऊस.

"हिला आवाज न्हाय," तात्या म्हणाले.

"न्हाय."

"कारखान्यात लई आवाज. घरी आलो तरी कानात ऱ्हायचा." मग ते म्हणाले, "उद्या सकाळी उठून कुठं जायचं, त्ये कळंना झालंय."

मी त्यांना माझ्या गुडघ्याचं सांगितलं. दुकानात बसून खवले काढायचो ते सांगितलं. फजरच्या आधी जाग यायची आणि काही करायला नसायचं, हे मी बायकोलाही सांगितलं नव्हतं, ते त्यांना सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. धीर देण्यासारखं मी काही बोललो नाही, कारण माझं सुटलं ते क्लच नसलेल्या गाडीमुळं सुटलं होतं आणि त्यांच्यासाठी तसलं काही यंत्र नव्हतं.

"हिला अजून किती वेळ लागंल?" त्यांनी आकड्याकडं बोट करून विचारलं.

"बराच."

"लागू द्या," ते म्हणाले आणि सीटवर मागं टेकून बसले.

उन्हं उतरल्यावर आम्ही निघालो. बायको वाटेत झोपली. बारामती आली तरी गाडीत भरपूर चार्जिंग शिल्लक होतं, आणि एवढं कशाला घेतलं असा विचार माझ्या डोक्यात आला.

त्यानंतर आम्ही आमची रीत बदलली. गाडी रिकामी आणि गार असताना चार्ज करायची, माल त्यानंतर भरायचा. म्हणजे इंदापूरला पोचलं की आधी चार्जर, मग लिलाव. पण लिलाव गाडीसाठी थांबत नाही, तो त्याच वेळेला सुरू होतो. एकानं गाडीपाशी थांबायचं आणि एकानं लिलावाला जायचं, याला दुसरा उपाय नव्हता. माझा गुडघा उभं राहून दुखायचाच. बायको म्हणाली, "मी जाते."

दुकानात ती दुपारी बसायला लागली. सकाळच्या गिऱ्हाइकांसाठी तिनं तिच्या भावजयीला बसवलं. पहिल्या दिवशी मी चार्जरपाशी बसून तिला सारखा फोन करत होतो. चिलापी कशी आहे, पाणी सुटलंय का, बोली पुकारणाऱ्या अडत्याच्या डाव्या बाजूला उभी राहा, तो तिकडंच बघतो. दोनदा तिनं ऐकून घेतलं. तिसऱ्यांदा म्हणाली, "तुमी तुमचा आकडा बघा, मला बोली लावू द्या," आणि फोन बंद केला. रिक्षानं ती माल घेऊन आली तेव्हा घामानं चिंब झाली होती. तिनं सांगितलं, अडत्यानं आधी तिच्याकडं बघितलंच नाही. बोली गर्दीच्या मागच्या बाजूनं येते म्हणून तो तिकडंच बघत राहिला. मग ती क्रेट ओलांडून अगदी त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. माल मी आणला असता त्याच्यापेक्षा चांगला होता. खरं तर दुकानातल्या सुरीखाली मासा कसा येतो ते तिला ठाऊक होतं, मला फक्त तो पाटीत कसा दिसतो तेवढं ठाऊक होतं.

आता तिला लिलावात सगळे ओळखतात. मी नाही गेलो तर कुणी विचारतही नाही.

मी गाडीत बसतो. पहाटेच्या गारव्यात किलोवॅटचा आकडा वीसपर्यंत जातो आणि बराच वेळ तिथं राहतो. टक्के सत्तरच्या आसपास आले की मी गन काढतो. पहिल्यांदा डिसेंबरात, चार्जर मोकळा होईपर्यंत गाडी उभी राहून गारठली आणि तो आकडा वीसला जाईना, तेव्हा मी परत त्या मदतीच्या नंबरला फोन केला होता. या वेळी एक मुलगा होता. तो म्हणाला, थंडीतही बॅटरी कमी घेते, सर, थोडी चालवून आणा. मी बाजारापर्यंत एक चक्कर मारून आलो आणि गन लावली. तेव्हा जरा वर गेला.

शेजारी दुसरी गाडी लागली आणि आमचा आकडा उतरला, की मी खाली उतरून त्या माणसाला विचारतो, किती दूर जायचंय. बहुतेक जण म्हणतात, फुल करायची आहे. मी पुन्हा विचारतो, जायचं कुठं आहे. काही जण सांगतात. काहींना हा माणूस भोचक वाटतो, ते काच वर करून घेतात.

मागच्या आठवड्यात बायको लिलावातून रिकाम्या हातानं परत आली. माल बरा नव्हता, म्हणाली, भाव मात्र तेजीत होता. मी म्हणालो, दोन क्रेट तरी घ्यायचे, दुकान काय रिकामं ठेवायचं? ती म्हणाली, "न्हाय पटला तर न्हाय पटला." आणि येऊन माझ्या शेजारी बसली. गाडी चार्ज झाली होती, मागं नुसते रिकामे क्रेट खडखडत होते. एवढ्या हलक्या गाडीनं आम्ही कधी परतलो नव्हतो. ती म्हणाली, आज घाई नाही, भिगवणला जाऊन येऊ, तिथला बाजार बघू. मी आकडा बघितला. भिगवणला जाऊन बारामतीला यायला पुरला असता. मी गाडी पुण्याच्या दिशेला, भिगवणकडं वळवली.